मनगटातला बोगदा: बोरूपासून रापीपर्यंत

ज्यांना हेडफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना तोंडात येणारे 'म्हणजे कसं' आणि 'काय म्हणतो मी' कापलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आपण इथे किल्ले केले, गिरण्या केल्या, पंचगंगेचे पूर केले. आज ज्या जागेचा इतिहास सांगणार आहे ती जेमतेम अंगठ्याएवढी रुंद आहे, आणि आत्ता मोबाईल धरलेल्या तुमच्या हातातच आहे. तळहात वर करा. मनगटावरच्या आडव्या रेघेच्या जरा पुढे, तळव्याच्या मुळाशी, एक बोगदा आहे. खाली आणि दोन्ही बाजूंना हाडं, वर एक जाड पट्टा, जो ताणत नाही. या बोगद्यातून बोटं मिटवणारे नऊ टेंडन जातात, म्हणजे स्नायूंच्या नऊ दोऱ्या. त्यांच्यासोबत एक नस जाते, मीडियन नर्व्ह. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच पाइपात नऊ सरकत्या केबल आणि एक डेटाची वायर. आत सूज आली तर पाइप काही मोठा होत नाही. चेंगरते ती डेटाची वायर.

मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर व्हायला लागते. करंगळी ठणठणीत राहते, कारण तिची नस वेगळ्या वाटेनं जाते. रात्री मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. फार दिवस चाललं तर अंगठ्याच्या मुळाशी असलेली मांसाची गादी सपाट होते, शर्टाचं बटण लागेना होतं, चहाचा कप हातातून सुटतो. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

आता खरं सांगा, हे नाव ऐकल्यावर डोळ्यासमोर कोण आलं? लॅपटॉपवाला. आम्ही आयटीवाल्यांनी हा आजार जणू आपल्या नावावर करून घेतलाय. आमच्याकडे कुणी मनगट धरून बसलं की आठवड्याभरात उभा माऊस येतो, टेबलाची उंची बदलते, एचआरचा एक मेल येतो. चांगलंच आहे ते. पण डेन्मार्कमध्ये संगणकावर काम करणाऱ्या सुमारे ७,००० जणांचा अभ्यास झाला आणि २००३ मध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्याचा निष्कर्ष असा की कीबोर्डमुळे या आजाराचा मोठा धोका दिसत नाही. माऊस आठवड्याला वीस तासांच्या वर वापरणाऱ्यांत थोडा संबंध दिसला, इतकंच. त्याच्या आधी, २००१ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीही भरपूर संगणक वापरणाऱ्यांची तपासणी केली होती. त्यांच्यात हा आजार साधारण इतर लोकांइतकाच निघाला.

मग कुणाच्या मनगटाला खरा धोका? जिथे जोर लावून पकडायचं असतं, तीच हालचाल दिवसात हजारदा करायची असते, मनगट वाकवून काम असतं आणि हातातलं यंत्र थरथरत असतं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढत जातो. हे वर्णन ऐकल्यावर मला माझ्या डेस्कपेक्षा माझं गाव जास्त आठवतं.

पायताणापासूनच सुरू करू. बाहेरचे 'कोल्हापुरी चप्पल' म्हणतात, आपण पायताण म्हणतो, आणि कागल तालुक्यातल्या कापशीचं असेल तर नुसतं 'कापशी' म्हटलं तरी चालतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं तशीच चप्पल दाखवली आणि नाव घेतलं नाही. मग गदारोळ झाला, कंपनीनं प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य केलं, त्यांचे लोक जुलैत कोल्हापूरला येऊनही गेले. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर मिळून हक्क आहे. डिझाइन कुणाचं यावर त्या महिन्यात इतकी चर्चा झाली की विचारू नका. मी जवळजवळ सगळी वाचली. त्यात चपलेचे फोटो होते, दुकानांचे होते, कारागिरांच्या चेहऱ्याचेही होते. हाताचं मात्र कुणी काही विचारलं नव्हतं.

आता त्या हाताचं काम बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं भिजवायचं. तळासाठी जाड कातडं रापीनं कापायचं. रापी म्हणजे चांभाराचं ते रुंद पात्याचं हत्यार. ती ओढायची नसते, मनगट टेकवून दाबायची असते. मग थरावर थर ठेवून ठोकायचं. मग आरीनं भोक पाडायचं आणि त्यातून वादी ओढून घट्ट करायची. अस्सल कोल्हापुरीला खिळा नसतो, म्हणजे जे काही धरून ठेवायचं ते त्या वादीनं आणि ती ओढणाऱ्या चिमटीनं. वरच्या पट्ट्यावर कातड्याच्या बारीक पट्ट्या विणून वेणी घालायची. ते काम बहुतेक घरांत बायका करतात. वेणी बघायला नाजूक असते, पण ती विणताना प्रत्येक पेडाला चिमटीत धरून ताण द्यावा लागतो. तर्जनी आणि अंगठा. बोगद्यातल्या नसेची हीच दोन बोटं.

गेल्या वर्षी सुभाषनगरात एका घरी गेलो होतो. वेणी घालणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, रात्री हाताला मुंग्या येतात का हो?"

त्या हसल्या. "मुंग्या कसल्या बाळा, हातच मरतोय. झटकायचा आन् परत झोपायचं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवून काय करायचं? त्यो म्हणणार हात वापरू नका. मग वेणी कोण, तू घालणार हाईस?"

मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांना काय झालंय ते मी सांगणार नाही. पण त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यात या सगळ्या इतिहासातली एक गाठ आहे. ती सुटते का बघायला तीनशे वर्षं मागे आणि बरंच लांब जावं लागेल.

इटलीतल्या मोदेना शहरात बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होते. १७०० साली त्यांनी कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. खाणकामगार, कुंभार, सोनार, धोबी, एकेका धंद्याला एकेक प्रकरण. त्यांचं डॉक्टरांना एक सांगणं होतं: रोग्याला बाकीचे सगळे प्रश्न विचारताच, त्यात अजून एक घाला, तुझा धंदा काय? आज ऐकायला साधं वाटतं. त्या काळी हा प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती. (आज तरी किती ठिकाणी विचारतात? केसपेपरवर वय असतं, पत्ता असतो, आधार क्रमांक असतो.)

१७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी नवी प्रकरणं घातली, त्यात एक लेखनिकांचं होतं. लेखनिकाला त्रास होतो तो तीन गोष्टींमुळे, असं ते म्हणतात: सतत बसणं, हात एकाच दिशेनं न थांबता चालवणं आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावर असलेला ताण. त्यांच्या माहितीतल्या एका लेखनिकाचा उजवा हात हळूहळू निकामी झाला. तो डाव्या हातानं लिहायला शिकला. काही काळानं डाव्या हातालाही तेच झालं. हा आजार नक्की कार्पल टनेल होता असं म्हणता येणार नाही, कारण तेव्हा नस तपासायची सोयच नव्हती. पण काम हाताला कसं खातं, याची इतकी स्पष्ट नोंद त्याआधी क्वचितच झाली असेल.

आपल्याकडेही लेखनिक काय कमी होते? कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची दप्तरं आहेत, रुमालच्या रुमाल, सगळी मोडीत. मोडी लिपीच वेगासाठी घडलेली. बोरू शक्यतो उचलायचा नाही, एका अक्षरातून दुसऱ्यात सरकत जायचं, ओळ आधी ओढून ठेवायची. मला तर ही लिपी म्हणजे कारकुनाच्या मनगटासाठी केलेलं ऑप्टिमायझेशन वाटतं. हात कमी उचलला की काम लवकर होतं. अर्थात हात कमी उचलला की एकाच जागी जास्त वेळ ताठही राहतो. त्या कारकुनांच्या मनगटांचं काय झालं असेल हा विचार मोडीचे फोटो बघताना माझ्या डोक्यातून जात नाही.

पण रामाझ्झिनींच्या पुस्तकातली एक गोष्ट मला जास्त टोचली. त्यात चांभारही आहेत. बैठं काम करणाऱ्यांच्या प्रकरणात चांभार आणि शिंपी येतात आणि तिथे त्यांची पाठ येते: वाकलेली, कुबड आल्यासारखी. सणाच्या मिरवणुकीत हे लोक चालतात तेव्हा बघणाऱ्याला हसू येतं, असंही त्यांनी लिहिलंय. म्हणजे लेखनिकाचं मनगट दिसलं आणि चांभाराची पाठ दिसली. लिहिणारा डॉक्टर स्वतः दिवसभर लिहीत होता, तेव्हा त्याला कुठलं मनगट आधी जाणवेल? हा माझा अंदाज आहे, पण पुढच्या दोनशे वर्षांत तो वारंवार खरा ठरताना दिसतो.

पुढचा टप्पा तारेचा. कडकट्ट कडकट्ट करत दिवसभर मोर्सची कळ दाबणारे तारमास्तर. त्यांच्या हाताला गोळे यायचे, बोटं ऐन वेळी ऐकायची नाहीत. ब्रिटनमध्ये १९०८ साली 'टेलिग्राफिस्ट्स क्रॅम्प' हा आजार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत घातला गेला. हाही कार्पल टनेल नव्हे, पण हातानं एकच हालचाल करून होणाऱ्या त्रासाला कायद्यानं 'कामाचा रोग' मानलं, हे महत्त्वाचं. तो यादीत गेला कसा? तारमास्तर पोस्ट खात्याचे नोकर होते. त्यांची हजेरी होती, संघटना होती, आणि मिनिटाला किती शब्द पाठवले हे मोजता येत होतं. वेग कमी झाला की कागदावर दिसायचा.

आपल्याकडे तसा कायदा आला १९२३ मध्ये, कामगार नुकसानभरपाई कायदा. १ जुलै १९२४ पासून लागू. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामातून होणाऱ्या रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा, फॉस्फरस, अँथ्रॅक्स अशी मोजक्या नावांनी ती सुरू झाली आणि वाढत गेली. सिलिकोसिस आला, अ‍ॅस्बेस्टॉस आला, कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग आला, आवाजानं येणारा बहिरेपणा आला. मनगटाची नस त्या यादीत नव्हती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१० च्या सुधारित यादीत कार्पल टनेल सिंड्रोम नाव घेऊन घातलाय, कारणांसकट: दीर्घकाळ जोर लावून केलेलं तेच तेच काम, थरथर, मनगटाची टोकाची स्थिती. आपल्या यादीत नाव नसल्याचा अर्थ एवढाच की सिलिकोसिस झालेल्या कामगाराच्या बाजूनं कायदा आधीच थोडा झुकलेला असतो. मनगटवाल्याला मात्र आपला आजार कामातूनच आला, हे स्वतःच सिद्ध करावं लागतं. वेणी घालणाऱ्या बाईनं ते कुणापुढे सिद्ध करायचं? तिला मालकच नाही. जोडामागे पैसे देणारा व्यापारी आहे.

आता वैद्यकाकडे येऊ, कारण तिथलीही गोष्ट बायकांपाशीच येऊन थांबते.

१८५४ मध्ये लंडनचे सर्जन जेम्स पॅजेट यांनी मनगटाचं हाड मोडल्यानंतर ही नस दबल्याची नोंद केली. १८८० मध्ये बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी ३७ रुग्णांची माहिती छापली. बहुतेक बायका, रात्री किंवा पहाटे हात बधिर होतो, पलंगाबाहेर लोंबकळत ठेवला किंवा झटकला की बरं वाटतं. सुभाषनगरातल्या मावशींनी मला जे सांगितलं ते जवळजवळ शब्दशः. पण पटनमना हा रक्तवाहिन्यांचा दोष वाटला. नस बोगद्यात चेंगरते हे १९१३ मध्ये पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फुआ यांनी एका मृत रुग्णाच्या शवविच्छेदनात पाहिलं, आणि वरचा पट्टा कापला तर बरं होईल असंही सुचवलं. ही शस्त्रक्रिया मेयो क्लिनिकच्या जेम्स लर्मन्थ यांनी १९३३ मध्ये छापून मांडली, आणि तिथल्याच मोर्श यांनी १९३८ मध्ये आज आपण वापरतो ते नाव दिलं. लंडनमध्ये ब्रेन आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये सहा रुग्णांवर शस्त्रक्रिया करून दाखवली, आणि हातानं केलेल्या कष्टाचा त्यात वाटा असावा असं मानलं.

आणि मग आले जॉर्ज फेलन. क्लीव्हलंड क्लिनिकचे हाताचे सर्जन. दोन्ही हातांची मागची बाजू एकमेकांना लावून मनगटं खाली वाकवायची आणि मिनिटभर थांबायचं, मुंग्या आल्या तर संशय घ्यायचा, ही साधी चाचणी त्यांच्या नावानं ओळखली जाते. (आत्ता करून बघितलीत ना? मला माहीत होतं. पण एवढ्यावरून निदान करून घेऊ नका.) १९६६ मध्ये त्यांनी १७ वर्षांतल्या ६५४ हातांचा अनुभव छापला. हा आजार सगळ्या जगाला माहीत झाला त्यात त्यांचा वाटा मोठा. पण कामामुळे हा आजार होतो हे त्यांना पटलं नव्हतं. त्यांच्याकडे येणाऱ्यांत मध्यमवयीन बायका जास्त, त्यातल्या बऱ्याच गृहिणी. कारखान्यातलं जड काम करणाऱ्या त्या नाहीत, मग कामाचा संबंध कसा?

इथे मला थांबून फेलनसाहेबांना कोल्हापूरला बोलवावंसं वाटतं. गृहिणी म्हणजे काम न करणारी? पीठ मळणं, भाकरी थापणं, पंचगंगेच्या घाटावर गोधडी पिळणं, आणि घरोघरी गिरणीचं पीठ यायच्या आधी पहाटे जात्याचा खुंटा धरून फिरवणं. मूठ आवळलेली, मनगट वाकलेलं, हालचाल तीच. वरच्या धोक्याच्या यादीतल्या तीन गोष्टी तर इथेच भरल्या. बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो हे खरं, आणि गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह, वजन यांचाही त्यात भाग असतो, हेही खरं. पण घरातल्या कामाला काम न मोजल्यामुळे वैद्यकाच्या हिशेबातून एक मोठा आकडा गळून पडला, असं मला वाटतं. वेणी घालणारी बाई तर दुहेरी गळते. आधी वेणी, मग भाकरी, आणि दोन्हीची हजेरी कुठेच नाही.

थरथरीचं थोडक्यात सांगतो, कारण फौंड्रीवर वेगळा भाग करायचाय. अमेरिकेतल्या बेडफर्ड गावी चुनखडीच्या खाणीत हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरायचे. १९१८ च्या थंडीत डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन तिथे गेल्या आणि दगड घडवणाऱ्यांची पांढरीफटक पडलेली बोटं त्यांनी नोंदवून ठेवली. तो रक्तवाहिन्यांचा त्रास, पण थरथरणारं हत्यार नसेलाही सोडत नाही हे पुढे कळलं. युरोपात २००२ पासून याला मर्यादा आहे: आठ तासांच्या पाळीत हाताला बसणारी थरथर ठरावीक पातळीच्या वर गेली की मालकाला उपाय करावेच लागतात. आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओतकाम होऊन आलेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरनं घासतात, त्याला फेटलिंग म्हणतात. शिवाजी उद्यमनगरातून जाताना तो आवाज तुम्ही ऐकलाच असेल. ठिणग्या दिसतात, म्हणून डोळ्याला गॉगल असतो. मनगटात काय चाललंय ते दिसत नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. 'दाखवून काय करायचं?'

वैद्यकाचं उत्तर तसं आशादायक आहे. १९८१ मध्ये अमेरिकन सर्जन गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी बोगद्यात बारीक नळी घालून आतला दाब मोजला. निरोगी माणसात मनगट सरळ असताना सरासरी २.५ मिलिमीटर पारा, आजार असलेल्यांत ३२. आणि आजार असलेल्यानं मनगट पूर्ण खाली वाकवलं की ९४. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा का देतात ते या तीन आकड्यांत आहे. सुरुवातीच्या टप्प्यात पट्टा, इंजेक्शन, कामात बदल यांनी पुष्कळांना बरं वाटतं. नस फार दबली असेल, किंवा अंगठ्याची गादी सपाट व्हायला लागली असेल, तर शस्त्रक्रिया: तो वरचा पट्टा कापून बोगदा मोकळा करायचा. थोड्या वेळाची, बहुतेकदा हातच बधिर करून करतात, त्याच दिवशी घरी. रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा लगेच थांबतात. पकडीतला जोर परत यायला मात्र महिने लागतात, आणि तळव्याच्या मुळाशी दाबलं की दुखणं काही आठवडे राहतंच.

आणि इथे इतिहासातली ती गाठ घट्ट होते. शस्त्रक्रिया सगळ्यांची सारखीच, पण बरं होणं कामावर ठरतं. ब्रिटनमध्ये सर्जन आणि हाताच्या थेरपिस्टना विचारलं गेलं की रुग्णाला कामावर कधी जायला सांगता. हे २०१८ मध्ये छापून आलं. मधलं उत्तर असं: टेबलावरच्या कामाला ७ दिवस, हलक्या पण तेच तेच करायच्या हातकामाला १५, जड कामाला ३०. आणि उत्तरांमधला फरक बघा, जड कामासाठी कुणी १ दिवस म्हणालं तर कुणी ९०. म्हणजे तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. माझं गणित सोपं आहे: आठवडाभर सुट्टी, मग घरूनच काम, डाव्या हातानं टाइप, पगार पूर्ण. रापी दाबणाऱ्याचं गणित महिन्याचं आहे आणि महिनाभर जोड नाही म्हणजे पैसा नाही.

फेटलिंगवाला ईएसआयमध्ये असेल तर त्याला एक आधार आहे, आणि तो माहीत करून घ्या. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं, पगार महिना २१,००० च्या आत, आणि सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजच्या वेतनाच्या ७० टक्के मिळतात. यासाठी आजार कामामुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही. डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या ओळखीचा कुणी कंत्राटावर असेल तर त्याचं ईएसआय कार्ड आहे का, वर्गणी खरंच भरली जातेय का, हे मोबाईलवर दोन मिनिटांत बघता येतं. बघून द्या त्याला.

घरात पायताण करणाऱ्याला हे लागू होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ धंद्यांत चांभारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत, प्रशिक्षणाच्या दिवसांना रोजचे ५०० रुपये, स्वस्त कर्ज. चांगली गोष्ट आहे. चांगल्या मुठीची आरी, धार असलेली रापी मिळाली तर मनगटावरचा जोर खरंच कमी होतो. बोथट हत्यार सर्वात जास्त हात खातं. पण महिनाभर हात बांधून बसायचे पैसे त्यात नाहीत. मानांकनाच्या कागदातही नाहीत, आणि मिलानच्या चर्चेतही नव्हते. चपलेची किंमत ठरवताना कातडं धरतात, मजुरी धरतात, दुकानाचं भाडं धरतात. आठ जिल्ह्यांच्या त्या हक्कातून, किंवा आता कोल्हापूरचं नाव लावून विकल्या जाणाऱ्या महागड्या जोडांतून, जोडामागे काही रुपये आजारपणाच्या निधीत का जाऊ नयेत, हा मला पडलेला प्रश्न आहे. बिडी कामगारांसाठी आपल्या देशात १९७६ पासून उपकर गोळा करून कल्याण निधी चालवला गेला. घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांसाठी असं करता येतं, हे त्यावरून दिसलेलं आहे.

जाता जाता मावशींकडे परत गेलो तेव्हाचं एवढंच. मी मेडिकलमधून मनगटाचा पट्टा नेला होता, रात्री लावायचा. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, आतली धातूची पट्टी बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "शिवण कच्ची हाय रे ह्याची. पंधरा दिवसांत उसवल." मग कातड्याचा एक तुकडा घेऊन त्यांनी कडेनं नवी शिवण मारायला घेतली.

पुढच्या भागात इचलकरंजी: १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी लावलेला पहिला यंत्रमाग, आणि त्यानंतर गावाच्या कानांचं काय झालं. कुणाच्या घरी मागावर काम केलेली आजी-आजोबा असतील तर व्हॉइस नोट पाठवा, भागात वापरू.